कपाटातलं काश्मीर

दिगंबर वकिलांनी तो लोखंडाचा तुकडा नाकाशी धरला आणि डोळे मिटून हुंगला.

"अजून तोफेच्या दारूचा वास येतोय बघ," ते बायकोला, विमलला म्हणाले. "आणि हे तांबूस आहे ना, ते रक्त."

ते ज्याचं रक्त म्हणत होते, त्याची आई समोर जमिनीवर बसली होती. रंभाबाई. तुकईथड गावाहून आली होती. विमलने दिलेलं पाणी तिने अजून तोंडाला लावलं नव्हतं.

वकिलांनी आयुष्यात तोफ पाहिली नव्हती. दिवाळीत फटाके वाजले तरी ते कानांवर हात ठेवत. पण गेल्या दोन वर्षांत बुधवारा पेठेतल्या त्यांच्या बैठकीत काचेचं कपाट उभं राहिलं होतं. रजेवर आलेल्या शिपायांकडून ते तोफगोळ्यांचे तुकडे मिळवत. वरच्या खणात ब्रह्मदेश, मधल्या खणात हैदराबाद. खालचा खण काश्मीरसाठी रिकामा होता. तुकईथडचा मधुकर मागच्या हिवाळ्यात तिकडे तोफगोळा लागून गेल्याचं एका शिपायाने सांगितलं, आणि वकिलांनी त्याच आठवड्यात त्याच्या आईला पत्र धाडलं.

"धुतला नाहीस ना बाई हा?" त्यांनी विचारलं.

"नाई साहेब."

"शाबास! धुतला असता तर सगळंच गेलं असतं." त्यांनी तुकड्याला लावायची चिठ्ठी पुढे ओढली. "कुठे लागला होता? छातीत की पोटात?"

रंभाबाई फरशीकडे बघत हळूच म्हणाली, "पोटात लिवा."

वकिलांनी लिहिलं. वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून. ओली शाई फुंकत ते म्हणाले, "संस्थानं गेली, देश एक झाला. त्याची निशाणी आपल्या घरात आहे, विमल. कलेक्टरसाहेबांना जेवायलाच बोलावू या."

विमलला त्या कपाटासमोर मांडलेली ताटं दिसली. श्रीखंड दिसलं. वाढता वाढता 'पोटात' असं सांगणारा नवरा दिसला. दर शुक्रवारी चिंच लावून ती या कपाटातले पितळी तुकडे घासायची. आज तिला आपल्या बोटांचीच किळस आली.

रंभाबाई उठली आणि हात जोडून निघून गेली. वकिलांनी तुकडा मखमलीवर ठेवला, जरा तिरका केला, मागे सरून पाहिलं आणि कोर्टाचा कोट घालायला आत वळले.

विमलने कपाट उघडलं. तुकडा पदरात घेतला.

"अगं, काय करतेस?" आतून आवाज आला.

"ज्याचं त्याला देते."

"वेडी झालीस का? तिने आपल्या हाताने दिलाय तो!"

ती पायऱ्या उतरली होती. पायात वहाण नव्हती. बुधवाऱ्यातले दुकानदार वकिलांच्या बायकोला असं पळताना पाहून गादीवरून उठले. तिने कोणाकडे पाहिलं नाही. चौकातल्या पाणपोईपाशी तिला रंभाबाई सापडली.

"मावशी," धापा टाकत विमल म्हणाली, "हा घेऊन जा. तुमच्या लेकाच्या अंगातला तुकडा आमच्या घरात शोभेला नको. आमच्या ह्यांच्या वतीने मी पाया पडते तुमच्या."

ती खरोखरच वाकली. पण रंभाबाई दोन पावलं मागे सरली. तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"साहेबानं वळखलं काय, बाई?"

"काय ओळखलं?"

रंभाबाईने आजूबाजूला पाहिलं. आवाज अगदी खाली आला.

"वकिलाचा शिक्क्याचा कागद आला. मास्तरानं वाचला. तुकडा जमा करा म्हने. मले वाटलं, नाई केला त धरून नेतीन. पन कुठून देऊ? माह्या मधुकरचं घरी काईच आलं नाई, बाई. हाडबी नाई. मंग मी आमच्या नांगराचा फाळ फोडला."