घरचं

तुंपेंगचा, म्हणजे सणासमारंभाच्या पिवळ्या भाताचा, सुळका टेबलावर मांडला होता आणि सुरी नव्या संपादक रेत्नोच्या हातात होती. सेमारांगच्या त्या वृत्तपत्राचा आज वर्धापनदिन. भात कापताना तिने एक निर्णय सांगायचा होता: बातम्या साइटवर चढवायला बाजारातली तयार सिस्टिम घ्यायची, की हार्योने बांधलेली घरचीच पुन्हा नव्याने बांधायची.

हार्यो सकाळपासून तिच्या मागे मागे होता. तयारच घ्या, म्हणून गयावया करत होता. घरच्या सिस्टिमच्या पोटातलं त्याच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. ती रुसली की हाक त्यालाच. ईदेला सगळी माणसं गावी जात, हा मात्र इथे बसून हरवलेले फोटो शोधत राही. मालक सख्खे मामा, त्यामुळे नोकरीही सोडता येत नव्हती. बायको-पोरगी दूर सोलो शहरात. पोरगी आता त्याला काका म्हणायला लागली होती.

"बाई, मला यातून सोडवा," तो हळूच म्हणाला. "तेव्हा तुमचं ऐकायला हवं होतं."

तेव्हा म्हणजे काही वर्षांपूर्वी, याच टेबलाशी. रेत्नो तयार सिस्टिम घ्या म्हणत होती आणि हार्यो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "जिला घरचं सांभाळता येत नाही, तिला खानावळीचा डबाच गोड लागणार." त्याच महिन्यात तिचा नवरा घर सोडून गेला होता. सगळ्यांना ते ठाऊक होतं. तरी सगळे हसले होते.

तयार सिस्टिमच बरी, हे रेत्नोला आजही पटत होतं. बिचाऱ्या बातमीदारांचेही हाल थांबले असते.

तिने सुळक्याचं टोक कापून ताटात ठेवलं. हा घास त्या दिवसाच्या सगळ्यात मानाच्या माणसाचा. सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. रेत्नो ताट घेऊन हार्योपुढे जाऊन उभी राहिली.

"आपल्याकडे इतका हुशार आचारी असताना बाहेरचा डबा कशाला?" ती म्हणाली. "नवीही हार्योच बांधेल."

टाळ्या पडल्या. मामांचा ऊर भरून आला. असा मान कुणी नाकारत नाही. हार्योने दोन्ही हातांनी ताट घेतलं. त्याचा चेहरा पाहून रेत्नोला बरं वाटलं, अगदी पोटभर बरं वाटलं.



"खा ना," रेत्नो मायेने म्हणाली. "घरचं आहे."