बाईंचा अंगठा

जरा डोळ्यांसमोर आणा. तुम्ही वर्गात बसला आहात आणि समोरच्या पडद्यावर एकदम एक अंगठा येतो. कपाटाएवढा. नखाच्या कडेला खडूची पांढरी रेघ.

"बाई, तुमचं नख परातीएवढं दिसतंय!" कोणीतरी ओरडलं आणि वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या, पण अंगठा त्यांनी हलवला नाही. टेबलावर नवा कॅमेरा मान वाकवून उभा होता. त्याच्याखाली ठेवलेला कागद पडद्यावर मोठा होऊन दिसे. आज बाईंनी चाचणीचा एक पेपर ठेवला होता आणि वरच्या कोपऱ्यातल्या नावावर अंगठा दाबून धरला होता.

तिसऱ्या बाकावरची मुलगी तेवढी हसली नाही. अक्षर तिचं होतं.

मागच्या आठवड्यात याच पडद्यावर अख्ख्या वर्गाचे गुण झळकले होते. बाईंच्या हातून भलतंच बटण दाबलं गेलं, आणि ते बंद कसं करायचं हे त्यांना सापडेपर्यंत सगळ्यांनी यादी वाचून काढली. सर्वांत खाली तिचं नाव. तेव्हापासून ती 'तळमजला' झाली होती. "काय तळमजला, लिफ्ट बंद वाटतं?" रोज कोणी ना कोणी विचारायचंच.

आता तो अंगठा जरा सरकला की झालं. ती बाकाची कड घट्ट धरून बसली.

"सहाशे बारा भागिले सहा," बाई म्हणाल्या. "उत्तर लिहिलंय बारा. पेपर कोणाचा, ते विचारायचं नाही. बरोबर आहे?"

"बारा सक बहात्तर!" पुढच्या बाकावरून आवाज आला.

"म्हणजे सहाशे बारा पेन्सिली सहा जणांत वाटल्या, तर बहात्तरच संपल्या. मग बाकीच्या गेल्या कुठे?"

"तुमच्या पर्समध्ये!"

"माझ्या पर्समध्ये चष्मा मावत नाही रे," बाई म्हणाल्या. "नीट बघा. गाडी चुकली कुठे?"

त्यांनी डाव्या हाताने बटण फिरवलं. आकडे फुगत गेले. उत्तरातल्या एक आणि दोन यांच्यामध्ये बोटभर जागा मोकळी होती आणि तिथला कागद खरवडलेला होता. बाई पुढे वाकल्या. त्यांनी बटण आणखी थोडं फिरवलं.

खरवडलेल्या जागेत एक पुसट गोल दिसला.

"बाई, तिथे शून्य होतं!"

"एकशे दोन! म्हणजे आधी बरोबर आलं होतं!"

बाईंनी चष्मा वर सारून तो गोल पुन्हा पाहिला.

"तपासताना मला हे दिसलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी सरळ लाल फुली मारून मोकळी झाले." मग त्यांनी वर्गाकडे पाहिलं. "बरोबर आलेलं कोणी का पुसेल?"

"घाबरून," एकजण म्हणाला.

"शेजारच्याचं बघून," दुसरा म्हणाला.

"एकाला सहाने भाग जात नाही ना," तिसऱ्या बाकावरून बारीक आवाज आला. "मग वाटलं, जात नाही तर लिहायचं कशाला? नुसतंच शून्य. उगाच लिहिल्यासारखं दिसत होतं."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"ये, पुढे येऊन लिही," बाई म्हणाल्या. अंगठा अजून तिथेच होता, एव्हाना टोकाला पांढरा पडला होता.

ती बाकाबाहेर आली. टेबलाशी गेली. बाईंनी दिलेली पेन्सिल घेऊन तिने त्या खरवडलेल्या जागेत, जुन्या गोलावरूनच, ठळक शून्य काढलं. पडद्यावर ते थाळीएवढं झालं.

"पण तुला काय माहीत गं, पुसताना काय वाटलं ते?" मागून एका मुलाने विचारलं. "पेपर कोणाचा आहे?"

"तो प्रश्न विचारायचा नाही म्हटलं ना मी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी अंगठा आणखी दाबला.

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. मग दोन्ही हातांनी बाईंचा अंगठा धरला आणि हळूच बाजूला केला.