समोरच्या बुवाची गाणी

"ती वायर हलवू नको गो," बकुळाबाई म्हणाल्या. "मघाशी तशीच सुटली."

नम्रताने हात जागच्या जागी धरून ठेवला. तिच्या बाबांच्या, म्हणजे दत्तूबुवांच्या फोनचं चार्जिंगचं भोक इतकं सैल झालं होतं की वायर तिरकी दाबून धरली तरच त्यात धुगधुगी यायची. त्यात पहिली वायर नुसती चार्जिंगची निघाली. खालच्या मोबाईलवाल्याकडून दुसरी आणली, फोनवर 'फाईल ट्रान्सफर' दाबलं, तेव्हा कुठे कॉम्प्युटरने फोनला ओळख दाखवली.

"आल्या बघ आई! सगळ्या आल्या."

पडद्यावर फाईलींची रांग लागली. बकुळाबाईंनी पदराने कपाळ टिपलं, सरकलेली टिकली नीट केली आणि स्टूल पुढे ओढलं.

दत्तूबुवांच्या भजनाचा लालबागपासून कणकवलीपर्यंत दबदबा होता. डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने गाता गाता पुराणातलं कोडं घालायचं, दुसऱ्याने पेटी ओढून गाण्यातच उत्तर द्यायचं, आणि जाता जाता समोरच्याची बिनपाण्याने करायची. दत्तूबुवांच्या समोर बहुतेक वेळा कॉटन ग्रीनचे जगदीशबुवा असत. स्टेजवर दोघे एकमेकांच्या सात पिढ्यांची लाज काढत आणि खाली उतरले की एकाच बशीतली भजी खात.

तो आवाज या घरातून गेला, त्याला आता दुसरी दिवाळी येत होती. बकुळाबाईंना गाण्याचं फार कळत नव्हतं. त्यांना आठवायचं ते वेगळंच. कुकरची शिटी झाली की बुवा तिच्या सुरात सूर लावायचे. "आज बांगडो की बोंबील?" हा साधा प्रश्नसुद्धा भैरवीत विचारायचे. तेव्हा त्या वैतागायच्या. "गप बसा हो जरा," असं आयुष्यभर म्हणून झालं होतं. आता घर खरंच गप होतं, आणि त्या शांततेत त्यांचा जीव नुसता तुटत होता. एकदा, एकदाच तो आवाज कानावर पडावा, एवढंच त्यांना हवं होतं.

फोनचा स्पीकर केव्हाच बसला होता. कॉम्प्युटरचाही आवाज चिमणीएवढा. म्हणून नम्रताने इअरफोन लावले, एक आपल्या कानात, एक आईच्या. पखवाज वाजला, झांजा आल्या, आणि वर चढत गेलेला एक खणखणीत आवाज आला.

बकुळाबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"हे तुझे बाबा नाय. हा जगदीश."

नम्रताने पुढची फाईल लावली. जगदीशबुवा. त्याच्या पुढची. जगदीशबुवा. गणपतीतली बारी, हनुमान जयंतीची बारी, गावची जत्रा, सगळीकडे जगदीशबुवाच. दुधाची तहान ताकावर भागवायला बकुळाबाई तयार होत्या, पण इथे ताकसुद्धा शेजाऱ्याचं निघालं.

"असं कसं? बाबांचा फोन आणि बाबाच नाहीत?"

आधी लक्षात आलं ते बकुळाबाईंच्या. समोरचा बुवा गायला लागला की दत्तूबुवा फोन चालू करून मांडीवर ठेवत. घरी आल्यावर ते पुन्हापुन्हा ऐकून पुढच्या खेपेची उत्तरं जुळवत. आपली पाळी आली की फोन बंद, खिशात, आणि पेटी पुढे. स्वतःचं गाणं कोण कशाला भरून ठेवील? ते तर गळ्यातच होतं. म्हणूनच प्रत्येक फाईल एकाच जागी तुटत होती. जगदीशने कोडं घातलं की खट्.

"मग त्यांच्याकडे बाबा असतील!" नम्रता म्हणाली आणि तिने जगदीशबुवांना फोन लावून आईच्या हातात दिला.

"होता ना वहिनी, सगळा दत्तू माझ्याकडे होता," जगदीशबुवा म्हणाले. "पण तो फोन भाऊच्या धक्क्यावर पाण्यात पडला. सगळं गेलं." "मीही आता गात नाही. समोर दत्तू नसेल तर भांडायचं कोणाशी?"

बकुळाबाईंनी "ठेवते हां भावोजी" म्हणून घाईने फोन ठेवला. रडू त्यांना जगदीशसमोर दाखवायचं नव्हतं.

"पुसून टाक ते सगळं," त्या म्हणाल्या.

"राहू दे ना. जागा काय खातंय?"

"नको. ज्याची वाट बघायची तो नाय, आणि दुसऱ्याचा गळा घेऊन काय करू मी?" त्यांचा राग जगदीशवर नव्हता, बुवांवर होता. जगाचं गाणं भरून ठेवलं, बायकोसाठी एक ओळ नाही ठेवली.

"बरं, पुसते. पण एवढी खटपट केली, एकदा नीट ऐकू तर दे."

नम्रताने पिशवीतून लेकाचा छोटा स्पीकर काढला, कॉम्प्युटरला जोडला आणि आवाज पूर्ण वाढवला. झांजांनी खोली दणाणली. गॅलरीतून कोणीतरी डोकावून गेलं. जगदीशबुवांनी दत्तूबुवांच्या पांडित्याची यथेच्छ टिंगल केली, त्यांच्या पोटाला नावं ठेवली, आणि शेवटी वरच्या पट्टीत सवाल टाकला. लक्ष्मण वनवासाला निघाला तेव्हा उर्मिला त्याला काय म्हणाली, सांग बुवा, सांग!

खट्.

"झालं?" नम्रताने विचारलं. बकुळाबाईंनी मान हलवली. नम्रताने सगळ्या फाईली निवडल्या आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात आतल्या खोलीत खाट करकरली, आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून एक अक्षरही न बोललेल्या दत्तूबुवांनी घसा खाकरून उत्तर गायला सुरुवात केली.