पहिलीतले दोन रिकामे चौकोन

लसीकरणाच्या कार्डावरचा गोवराचा चौकोन अंगठ्याच्या नखाएवढा असतो. त्यात एक तारीख आणि एक सही जेमतेम मावते. पहिलीच्या चौतीस कार्डांपैकी बत्तिसांवर ती मावली होती. उरलेली दोन कार्डं शाळेच्या नव्या कारकुनासमोर पडली होती, आणि आज मुदतीचा शेवटचा दिवस होता.

"पाच वाजता दोन्ही नावं पटावरून काढतो," कारकून म्हणाला. "चौकोन रिकामा, तर बाकही रिकामा."

"पाचला अजून तीन तास आहेत, भाऊसाहेब." शाळेच्या नर्सने बर्फाचा डबा खांद्याला अडकवला. "चला बरोबर. बसून बसून खुर्चीला तुमचा आकार आलाय."

रस्त्यात कारकून बोलतच होता.

"तो फ्रीजवाला निदान तोंडावर भांडतो. पण ती दुसरी बाई! दोनदा गेलो. दार उघडत नाही. काचेआडूनच म्हणते, आज नको. आणि दर सोमवारी दहाच्या ठोक्याला फोन. 'पहिलीत अजून किती राहिले?' मी म्हणतो, दोन, ताई, त्यात एक तुमचीच. की 'बरं' म्हणून ठेवून देते. आपल्या जोडीला अजून कोणी अडून बसलंय का, तेवढं बघते."

"आजही आला होता?"

"चुकतोय कसला!"

"त्यांच्याशी मी बोलेन," नर्स म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

फ्रीज दुरुस्त करणारा मेकॅनिक दुकानातच, उघड्या कॉम्प्रेसरपुढे उकिडवा बसला होता. दुकानामागेच घर. नर्सला पाहून त्याने पाना खाली ठेवला नाही.

"सिस्टर, तीनदा सांगितलं. लशीवर माझा राग नाही. तुमच्या डब्यावर आहे. वीस वर्षं थंडाव्यातच हात घालतोय मी. बाहेर गार लागणारी वस्तू आत गार असतेच असं नाही. उन्हातून फिरवलेलं औषध माझ्या पोरीला नको."

"बरोबर आहे तुमचं," नर्स म्हणाली.

मेकॅनिक गडबडला. भांडायला समोर कोणी उरलंच नाही.

"दोन ते आठ अंशांत राहिली तरच ती लस कामाची," नर्स म्हणाली. "माझं मीटर नको. तुमचं घाला."

त्याने हात पुसले. भिंतीवरचं मीटर काढलं, वायरचं टोक डब्यात सोडलं, झाकण दाबलं. पाच मिनिटं तो आकड्यावर डोळा ठेवून बसला. आतून त्याची बायको येऊन दारात उभी राहिली.

"किती?" तिने विचारलं.

"साडेचार."

"आपल्या फ्रीजमध्ये किती असतं?"

तो वायर गुंडाळू लागला.

"बारा," ती नर्सला म्हणाली. "दूध नासतं आमचं. जगाचे फ्रीज दुरुस्त करायला वेळ आहे, घरचा तसाच."

"ठकीला बोलव," मेकॅनिक म्हणाला.

ठकी बाही वर करतच आली. मैत्रिणींनी तिला सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. "मी नाही रडणार," ती म्हणाली. "बाबांचा हात धरा."

सुई टोचली तेव्हा मेकॅनिकने कॉम्प्रेसरकडे तोंड फिरवलं. नर्सने चौकोनात तारीख घातली, सही केली आणि पेनाचं टोपण लावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"एक गड आला," बाहेर पडल्यावर कारकून म्हणाला. डबा आता त्याने स्वतःच्या खांद्यावर घेतला होता. "आता खरी लढाई. सिस्टर, हिच्यापुढे गोड बोलून चालणार नाही. स्पष्ट सांगा, आज टोचलं नाही तर शाळा बंद."

नर्स जवळजवळ पळत होती. त्याला धाप लागली.

दुसरं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पायपुसण्याशेजारी साबण, पाण्याची बादली आणि स्वच्छ टॉवेल. काचेआड ती बाई उभी होती, जणू सकाळपासून तिथेच असावी. कारकुनाने घसा साफ केला आणि डब्याचं झाकण उघडलं.

"ताई, आम्ही लस घेऊनच आलोय. आता कारणं नकोत."

"भाऊसाहेब, डबा मिटा," नर्स म्हणाली. "त्यात आता फक्त बर्फ आहे. मी एकच कुपी आणली होती."

"मग इथे काय टोचणार?"

नर्सने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती काचेजवळ गेली आणि मोठ्याने म्हणाली, "तेहतीस. आत्ता, पाऊण तासापूर्वी. माझ्या हाताने."

बाईने कपाळ काचेला टेकवलं. मग कडी वाजली. कारकुनासमोर ते दार पहिल्यांदाच उघडलं.

तिच्यामागे एक मुलगी उभी होती. तोंडावर मास्क, डोक्यावर नुकते उगवलेले पेरभर केस, मनगटावर सलाइनच्या जुन्या खुणा. पाठीवर दप्तर होतं, वजनाने पट्टे ताणलेले.

"तिला ती लस चालत नाही, भाऊसाहेब," नर्स हळू आवाजात म्हणाली. "म्हणून बाकीच्या सगळ्यांना टोचलेली हवी, म्हणजे वर्गातून गोवर तिच्यापर्यंत पोचणार नाही. डॉक्टरांची चिठ्ठी जूनपासून माझ्या कपाटात आहे. कुणाला सांगू नका, असं आईंनी बजावलं होतं."

कारकुनाने डब्याचं झाकण लावलं.

"शेवटच्या पोरीच्या अंगात ताकद यायला दोन आठवडे ना, सिस्टर?" बाईने विचारलं.

"दोन."

बाईने बोटांवर मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, आणि वर्षभर अडून राहिलेलं वाक्य मुलीकडे वळून म्हणाली, "येत्या सोमवारी नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी, सकाळी साडेसातला, तू शाळेत जाणार आहेस."