डावा डोळा

समोरच्या शर्वरीने दिलेल्या भरल्या वांग्यांच्या वाटीवरचं झाकण सुहासिनीने उघडलं, तोच तिच्या नवऱ्याच्या, दिगंबरच्या, डाव्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"तिखट दिसतंय गं," तो घाईघाईने म्हणाला. अजून घासही घेतला नव्हता!

गालातली गाठ काढताना त्याच्या चेहऱ्याची नस तुटली आणि डावी बाजू लुळी पडली, तेव्हा डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढवलेली नवी नस बसवली होती. ओठ हलू लागले, डोळा मिटू लागला. "फक्त लाळेचे थोडे धागे चुकून डोळ्याकडे गेलेत," ते म्हणाले होते. "तोंडाला पाणी सुटलं, की डाव्या डोळ्यातूनही येईल."

तेव्हा दोघंही हसली होती. मग सहा महिने सुहासिनीने अळूच्या वड्यांपासून पुरणपोळीपर्यंत सगळं करून पाहिलं. दर वेळी तो "झकास!" म्हणाला आणि डोळा कोरडा ठणठणीत राहिला. आणि या मेलीच्या वांग्यांना मात्र पूर!

दुसऱ्या दिवशी त्याचं ताट वाढून ती अगदी त्याच्या नाकाशी कांदा चिरत बसली.

"बघ, तुझ्या आमटीला आलं पाणी!" दिगंबर हौसेने म्हणाला.

तिने मान वर केली. पाणी त्याच्या दोन्ही डोळ्यांतून येत होतं. आणि तिच्याही.