आईच्या येरझारा

स्मृतिशाळेच्या पडद्यावर यीस्टच्या दोन पेशी दिसत होत्या. दोन्हींत दिवंगत आईच्या आठवणींची गुणसूत्रं होती. त्यांच्याशी एकीत हेमांगीच्या आठवणी जुळवायच्या होत्या, दुसरीत तिच्या धाकट्या बहिणीच्या, ऋताच्या. हेमांगीच्या पेशीतलं केंद्रक दोन-तीन हेलकावे खाऊन थांबलं. ऋताच्या पेशीतलं मात्र सकाळपासून या टोकाकडून त्या टोकाकडे जात होतं.

"माझं बिघडलंय का?" हेमांगीने विचारलं.

"नाही हो मॅडम," तंत्रज्ञ म्हणाली. "जुळणाऱ्या आठवणींच्या जोड्या सापडेपर्यंतच मोटर प्रथिनं केंद्रकाला ओढत राहतात. तुमच्या लगेच लागल्या. आईजवळच राहायचात ना?"

"शेवटपर्यंत."

"नशीब तुझं, ताई," परदेशातून आलेली ऋता म्हणाली. "माझं बघ, काही सापडतच नाहीये."

हेमांगी ऋताच्या पेशीतल्या त्या फिरत्या केंद्रकाकडे बघत राहिली. ऋताला यायला उशीर झाला की आई गॅलरीत अशाच येरझारा घालायची. हेमांगी तर घरातच असायची. तिच्यासाठी आई कधी खुर्चीतून उठलीसुद्धा नव्हती. आणि आता गेल्यावरही ती धाकटीलाच शोधत होती.

हेमांगीने त्या फिरत्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि गॅलरीच्या दारातून म्हणायची तशीच म्हणाली, "बस आता, आई. आली ती."