पेरू की क्युबा

"पेरू," अण्णा ठामपणे म्हणाले.

"नो पेरू. क्युबा," काउंटरमागची बाई त्याहून ठामपणे म्हणाली.

हृषिकेश बाहेर फोनवर बोलून आत आला, तेव्हा प्रकरण इथवर गेलं होतं. बापलेक डँडेनॉन्गला आले होते ते पोहे आणि भाजणी घ्यायला. फॉस्टर स्ट्रीटवर पार्किंग मिळेना, म्हणून गाडी मागच्या गल्लीत टायरवाल्याशेजारी लावली, तर तिथे ताज्या पावाचा वास. पाटीवरची अक्षरं उन्हाने उडालेली, आत चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर क्युबाचा झेंडा. पेस्ट्री इतकी स्वस्त की हृषिकेशला वाटलं, कालची असणार. कालची नव्हती. पदर सुटलेली, कुरकुरीत, आत लालसर आंबटगोड सारण. अण्णांनी एक घास घेतला, डोळे मिटले आणि सारण कशाचं ते सांगून टाकलं. एवढाच त्यांचा गुन्हा.

"क्युबा," बाईने झेंड्याकडे बोट दाखवलं.

"बाई, पेरू आहे हा. मला शिकवू नका," अण्णांनी मराठीतच सुनावलं आणि उरलेली पेस्ट्री घेऊन तरातरा बाहेर पडले.

गाडीत म्हणाले, "कमाल आहे बाईची. स्वतः काय विकते तेच माहीत नाही तिला." आल्यापासून एका दमात ते एवढं पहिल्यांदाच बोलले होते.

आई गेल्यावर हृषिकेशने त्यांना साताऱ्याहून इथे परदेशात, क्लेटनला आपल्या घरी आणलं होतं. तिकडे एकट्याने राहताना ते दोनदा बाथरूममध्ये पडले होते. आता इथेच राहावं, असं हृषिकेशला फार वाटत होतं. व्हिसा होता, खोली होती, फक्त अण्णांचं मन नव्हतं. ते परतीच्या तिकिटाची तारीख तेवढी विचारत. त्यांना कोणी दुखवत होतं म्हणावं, तर तसंही नाही. सून मैथिली प्रत्येक गोष्टीला "हो अण्णा" म्हणायची. नात तनया "नो वरीज, आजोबा" म्हणून आपल्या खोलीत जायची. आई असती तर चहा नीट उकळला की नाही, यावरून दुपारपर्यंत जुंपली असती. आई गेल्यापासून अण्णांशी कोणी भांडलंच नव्हतं, आणि इथे तर सगळेच शहाण्यासारखे वागत होते.

सोमवारी अण्णांनी डँडेनॉन्गची ट्रेन कशी पकडायची ते विचारलं. मग रोजच जायला लागले. रात्री जेवताना वृत्तांत यायचा.

"आज तिने नकाशा आणला होता. क्युबा कुठे आहे ते दाखवते, मला."

दुसऱ्या दिवशी, "आज मी इंडियन दुकानातून चांगला पिकलेला पेरू घेऊन गेलो. ठेवला तिच्यासमोर. म्हटलं, हा बघा, पेरू. तिने कापला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला आणि म्हणाली, क्युबा."

बोलता बोलता त्यांनी तिसरी पोळी मागून घेतली.

मैथिलीला हसू आवरेना. हृषिकेशच्या मात्र जिवाला घोर लागला. सबंध नोकरी भूगोल शिकवण्यात घालवलेला माणूस. कुठलाही देश डोळे मिटून नकाशावर दाखवेल. पण आपण फळाचं नाव सांगतोय आणि समोरची बाई देशाचं ऐकतेय, एवढं साधं त्यांच्या लक्षात येऊ नये? त्यांना सांगावं तर खजील होतील, आणि मग खोलीबाहेरही पडायचे नाहीत. तिकिटाला आठवडा उरला होता. एका परक्या बाईशी झालेलं भांडण हीच इथली शेवटची आठवण घेऊन ते जाणार, हे काही त्याला सोसेना. त्याने अर्धा दिवस रजा टाकली आणि अण्णांच्या आधी दुकान गाठलं.

बाईचं नाव ओडालिस. ती चिमट्याने पाव रचत होती. हृषिकेशने इंग्रजीत सगळं नीट समजावलं. पेरू हा आमच्या भाषेत देश नाही, फळ आहे. योगायोगाने एका देशाचं नावही तेच, एवढंच. ते फक्त सारण कशाचं ते सांगताहेत. वडील तुम्हाला मुळीच पेरूच्या समजत नाहीत.

"ठाऊक आहे," ओडालिस म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात फोनमध्ये बघितलं."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?"

तिने चिमटा खाली ठेवला. "इथे सगळे 'लव्हली' म्हणतात, पैसे देतात आणि जातात. तुझे वडील भांडतात, आणि उद्या परत येतात." मग चिमटा पुन्हा उचलून त्याच्यावर रोखला. "त्यांना सांगायचं नाही."

हृषिकेश बाहेर आला. कोपऱ्यावरून अण्णा येत होते. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात गुंडाळलेला मोठा नकाशा. त्याला पाहून ते जागीच थांबले. चेहरा एकदम उतरला.

"तिला सांगून टाकलंस की काय?"

"काय?"

"पेरू म्हणजे फळ, ते. अरे, भूगोल शिकवलाय मी. मला काय कळत नाही होय ती काय समजते ते?"

हृषिकेशने दुकानाकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"नाही," तो म्हणाला. "मी काहीच सांगितलं नाही."

अण्णांनी सुस्कारा सोडला, टोपी सारखी केली आणि नकाशा काखेत मारला.

"मग ते तिकीट पुढे ढकल," ते म्हणाले. "हे एवढ्यात मिटायचं नाही."